चित्र क्रमांक चौदा

खिडकीतल्या कारकूनबाईंनी रजिस्टर पुढे सरकवलं, ती सही करायला वाकली, आणि बाई म्हणाल्या, "अगंबाई, डावखुऱ्या का तुम्ही? जपून हं, शाई ओली आहे, हाताला लागेल." लागलीच होती. करंगळीखालच्या मांसल भागावर निळा पट्टा उमटला होता, आणि रजिस्टरात तिची सही अर्धी पुसून डावीकडून उजवीकडे फरफटत गेली होती. त्यात नवं काहीच नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं त्या जागी काही ना काही लागतच आलंय, आधी शाई, मग शिसपेन्सिल, मग खडू. ती हसली, रुमालाने हात पुसला आणि व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली. तोंडी परीक्षेला पाऊण तास होता. मांडीवर प्रबंध, काळ्या पुठ्ठ्याच्या बांधणीतला, वर सोनेरी अक्षरांत तिचं नाव. शेजारी, ती चित्रकला शिकवायची त्या शाळेतल्या मुलांच्या मूळ चित्रांचं फोल्डर. मनाला धीर यावा म्हणून तिने प्रबंध उघडला तो थेट चौथ्या प्रकरणावर, पान सत्त्याऐंशी, चित्र क्रमांक चौदा. गाईड मॅडम म्हणायच्या, हे तुमचं हुकमाचं पान आहे. तिने हुकमाच्या पानाकडे पाहिलं, मग आपल्या हातावरच्या निळ्या डागाकडे, मग पुन्हा पानाकडे. टेबलाखालच्या सावलीच्या रेघा डावीकडे कललेल्या होत्या.

आता हे सांगायला हवं की उजव्या हाताने पेन्सिल धरणारा माणूस सावली भरतो तेव्हा त्याच्या रेघांचे शेंडे उजवीकडे झुकतात, आणि डावखुऱ्याचे डावीकडे. मनगट वळतं त्या बाजूला रेघ जाते, त्यात हुशारीचा काही संबंध नाही. चित्रातल्या खुर्चीच्या, भिंतीवरच्या घड्याळाच्या, कोपऱ्यातल्या माठाएवढ्या फुलदाणीच्या रेघा उजवीकडे झुकलेल्या होत्या, कारण ते काढणारी मुलगी उजव्या हाताची होती. वर्गात तिला सगळे मुंगी म्हणायचे. पाचवीत होती तेव्हा बाकावर बसली की पाय जमिनीला टेकत नसत आणि चित्रंही काढायची ती कागदाच्या कोपऱ्यात, एवढीएवढीशी. मुंगी डाव्या हाताने नाकसुद्धा खाजवत नव्हती. मग ही सावली कुणाची? हे टेबलाचे पुढचे दोन पाय सरळ आणि मागचे दोन थोडे आखूड, अगदी पुस्तकात दाखवतात तसे, हे कुणाचे? तिने फोल्डरमधून मूळ कागद काढला आणि खिडकीच्या उजेडात तिरका धरला. खोडलेल्या रेघा दिसत नव्हत्या, पण त्यांचे चरे कागदात तसेच होते. टेबलाचे चार पाय चार दिशांना पसरलेले. आणि त्यांच्यावर, नीटनेटकी, तिची स्वतःची रेघ. तिला ती आपल्या आईच्या हाकेसारखी ओळखता आली, आणि तरी तीन वर्षं ओळखता आली नव्हती. आपल्या घराला कसला वास येतो ते आपल्याला कुठे कळतं!

चौथं प्रकरण उभं होतं ते ह्या एका जोडीवर. चित्र तेरा, आधीचं: टेबलाचे पाय चारी बाजूंना फाकलेले, सगळीकडे रंगीत ठिपके. चित्र चौदा, तीन आठवड्यांनंतरचं: पाय सरळ, सावली जागच्या जागी, ठिपके थोडे कमी. ह्या तीन आठवड्यांत तिने वर्गात 'बघण्याचा तास' घेतला होता. कागद पेन्सिल बाजूला, हाताची घडी आणि दहा मिनिटं नुसतं बघायचं. मुलं आधी खिदळायची, मग गप्प व्हायची, आणि मग खरंच बघायला लागायची. तिची ती स्वतःची कल्पना होती, कुठल्या पुस्तकातून उचललेली नव्हती. आणि प्रबंधात तिने लिहिलं होतं, चांगल्या खणखणीत वाक्यात, की 'केवळ निरीक्षणाच्या सरावाने, शिक्षिकेच्या कोणत्याही हस्तक्षेपाशिवाय, मुलीने जाणिवेची मोठी उडी घेतली.' कोणत्याही हस्तक्षेपाशिवाय! हे वाक्य तिला इतकं आवडलं होतं की तिने ते नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं होतं. उडी कसली, डोंबल. उडी बाईंनी स्वतःच मारली होती आणि तीन वर्षं स्वतःचीच पाठ थोपटत बसल्या होत्या.

कधी केलं हे आपण, असं तिने स्वतःला विचारलं, पण ते विचारणं तोंडदेखलं होतं. दरवर्षी शाळेचं चित्रप्रदर्शन भरायचं. त्याआधी आठवडाभर हेडसर चित्रकलेच्या खोलीत यायचे, पाठीमागे हात बांधून टेबलावरचे कागद बघायचे आणि म्हणायचे, "छान, छान. फक्त बाई, जरा हात फिरवा की." बस्स, एवढंच. शाळा सुटल्यावर ती त्या खोलीत एकटी बसायची आणि दोनशे-सव्वादोनशे कागदांवरून हात फिरवायची. इथे नाक सरळ कर, तिथे झाडाला खोड जाड कर, कुणाचं घर कलंडलंय त्याला टेकू दे. पालक यायचे, म्हणायचे, आमच्या पोराला एवढं येतं हे माहीतच नव्हतं. पोरालाही माहीत नसायचं. पहिल्या वर्षी तिला जरा खुपलं होतं. दुसऱ्या वर्षी कमी. मग ते केस विंचरण्यासारखं झालं, झालं की विसरलं. पुढे मास्टर्सला आल्यावर पहिल्याच आठवड्यात गाईड मॅडमनी, ज्या तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होत्या आणि तिला अहोजाहो करताना अजून अडखळायच्या, सांगितलं होतं की अभ्यासातल्या मुलांच्या कागदाला बोटही लावायचं नाही. तिने लावलं नव्हतं. प्रबंधातली बाकीची एकतीस चित्रं निर्मळ होती, त्याबद्दल ती कुठेही शपथ घ्यायला तयार होती. पण ही जोडी आधीच्या वर्षाची, शाळेच्या कपाटातली. फार छान आहे म्हणून तिने ती मागाहून घातली होती. तेरा प्रदर्शनात लागलं नव्हतं. चौदा लागलं होतं. लागलं होतं म्हणजे त्यावरून हात फिरला होता, एवढं साधं गणित तिला तीन वर्षं सुटलं नव्हतं.

व्हरांड्याच्या टोकाला कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. तिला वाटलं, आत्ता उठावं आणि सरळ घरी जावं. मग वाटलं, कशाला? कुणाला कळणार आहे? गाईडला कळलं नाही, आतल्या परीक्षकांना कळलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज दुपारी ही परीक्षा संपते, महिन्याभरात पदवी हातात येते, आणि पदवी आली की पुढच्या सत्रापासून शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयातली जागा. ती जागा तिला मिळालेलीच होती, फक्त ह्या कागदासाठी अडली होती. तिथे दरवर्षी चाळीस नवे शिक्षक समोर बसणार, आणि ती त्यांना सांगणार मुलांना चित्रकला कशी शिकवायची. काय सांगणार? हात फिरवा म्हणून? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही, समोरून फाइल घेऊन जाणारा एक अनोळखी गृहस्थसुद्धा तिला आपल्याकडे रोखून बघतोय असं वाटायला लागलं.

अर्ज केला तेव्हाची गोष्ट तिला आठवली, आणि आठवून जरा बरंही वाटलं, कारण तो काळ हसण्यासारखा होता. अर्जासोबत स्वतःची दहा चित्रं जोडायची होती. ती कपाटं उघडून बसली, पलंगाखालचे खोके काढले, माळ्यावर चढली. अकरा वर्षांत तिने स्वतःचं एकही चित्र काढलेलं नव्हतं. रोज पेन्सिल हातात होती, रोज बोटं काळी होत होती, आणि स्वतःचं म्हणून दाखवायला कागदाचा कपटा नाही. लेक म्हणाली, "आई, तू चित्रकलेची शिक्षिका आहेस की नुसतीच अफवा आहे?" मग अंतिम तारखेला तीन आठवडे उरले असताना ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि दिसेल ते काढलं: दाराशी पडलेले तीन माणसांचे सहा बूट, नळाखालची बादली, वाळत घातलेला टॉवेल, आणि तोंड उघडं टाकून आरामखुर्चीत झोपलेला नवरा. नवरा लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कामावर होता, दिवसभर खड्ड्यात उतरून वर बघायचं आणि घरी येऊन आडवं व्हायचं, हा त्याचा क्रम. चित्र बघून तो म्हणाला, "माझं तोंड मिटवून काढता आलं नसतं का? तिथली मोठी मोठी माणसं बघणार हे." ती म्हणाली, "तू मिटलं असतंस तर मिटलेलं काढलं असतं." नेमकं तेच चित्र निवड समितीला आवडलं. मुलाखतीत एकाने विचारलं होतं, हे कोण, आणि ती म्हणाली होती, माझी लिफ्ट. सगळे हसले होते. त्या दहा चित्रांतली रेघ न् रेघ तिची होती, वाकडी असेल नसेल, पण तिची.

पुढची तीन वर्षं घराने कशी काढली ते घरालाच माहीत. दिवसा शाळा, संध्याकाळी वर्ग, रविवारी ग्रंथालय. नवरा भात लावायला शिकला आणि सहा महिने तो भात नव्हता, लापशी होती. लेक आपल्या मैत्रिणींना सांगायची, आमच्याकडे परीक्षा माझी नाही, आईची आहे. कधी कधी पुस्तकातली ओळ चौथ्यांदा वाचूनही डोक्यात शिरायची नाही आणि ती टेबलावर कपाळ टेकून बसायची, तेव्हा नवरा येऊन पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "लिफ्ट अडकली की बटणं दाबत बसायचं नसतं. जरा थांबायचं." हे सगळं ह्या बाकापर्यंत यायला. आणि इथे येऊन पाहते तर काय, पायथ्याची एक वीट आपणच पोकळ घातलेली.

आणि मग, तिला नको असताना, ती आठवण आली. ती स्वतः पाचवीत होती. चित्रकलेच्या सरांनी वडलांचं चित्र काढायला सांगितलं होतं आणि तिने काढलं, मोठ्या मोठ्या कानांचं, कारण वडलांचे कान खरंच मोठे होते आणि ती त्यांच्या खांद्यावर बसून ते धरायची. सर म्हणाले, वा. मग त्यांनी कागद घेतला, आणि तो परत आला तेव्हा कान लहान झाले होते, नाक कुणाचं तरी भलत्याचंच झालं होतं, आणि चित्राला पहिलं बक्षीस मिळालं होतं. ती मंचावर उभी राहिली. टाळ्या वाजल्या. वडलांना इतका आनंद झाला की त्यांनी ते चित्र काचेत बसवून बाहेरच्या खोलीत लावलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, लेकीने काढलंय. ती त्या भिंतीकडे पाठ करून अभ्यासाला बसायची. वडील जाईपर्यंत तिने त्यांना सांगितलं नाही की ह्यातले तुम्ही मी काढलेले नाहीत. सांगायला काय झालं होतं? काहीच नाही. पण ते इतके खूश होते. आणि आता तिला दिसलं, अगदी लख्ख दिसलं, प्रदर्शनाच्या दिवशी चित्र क्रमांक चौदासमोर उभी असलेली मुंगी. बराच वेळ उभी होती. चित्राखाली लावलेली आपल्या नावाची चिठ्ठी तिने दोनदा वाचली आणि विचारलं होतं, "बाई, हे माझं आहे?" आणि बाई घाईत होत्या, पाहुणे येत होते, बाई म्हणाल्या होत्या, "हो गं, तुझंच. बघ किती छान आलंय!" मुंगीने मान हलवली होती. आता बाकावर बसून तिला स्वतःला रडू यावं असं वाटलं पण आलं नाही, करता आलं ते एवढंच, की तिने हातातला रुमाल घट्ट पिळला.

"या," आतून हाक आली.

खोली लांबट होती, मध्ये मोठं टेबल, पलीकडे तिघं. गाईड मॅडम, विभागप्रमुख, आणि बाहेरगावाहून आलेले परीक्षक, सत्तरीचे, शर्टाचं वरचं बटण लावलेले, कानात ऐकण्याचं यंत्र. त्यांच्यापुढे प्रबंधाची प्रत होती आणि तिच्यात कागदाचे कितीतरी कपटे खुणेला घातलेले होते. गाईड मॅडम तिच्याकडे बघून हसल्या, घाबरू नका अशा अर्थाने. परीक्षक म्हणाले, "बसा. सुरुवात करण्याआधी तुम्हाला काही सांगायचंय का?" हे ते सगळ्यांनाच विचारत असणार, आणि सगळे आभार मानत असणार. ती म्हणाली, "हो. चौथं प्रकरण चुकीचं आहे."

गाईड मॅडमचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. ती बोलत सुटली. एकदा बोलायला लागल्यावर तिला आवाज कुठून येतोय तेच कळेना, पण तो नीट येत होता. प्रदर्शन, हेडसर, हात फिरवणं, डावीकडे कललेल्या रेघा, कारकूनबाई, ओली शाई. "मला हे पाऊण तासापूर्वी कळलं," ती म्हणाली, "आधी कळलं असतं तर छापलं नसतं. पण कळायला हवं होतं, हे खरं. बाकीच्या एकतीस चित्रांना मी हात लावलेला नाही. ह्याला लावलाय. आणि मी लिहिलंय की कोणत्याही हस्तक्षेपाशिवाय."

"मूळ कागद आहे?" परीक्षकांनी विचारलं. तिने दिला. त्यांनी चष्मा बदलला, उठून खिडकीशी गेले आणि तिने धरला होता अगदी तसाच तो तिरका धरला. "ह्यातल्या तुमच्या रेघा दाखवा." तिने दाखवल्या, एकेक, बोटाने. पाय, सावली, टेबलाची पुढची कड. "आणि हे ठिपके?"

"ते तिचे. काही मी खोडले असणार, पण उरले ते तिचे."

"कशाचे आहेत?"

"मी लिहिलंय सर. सजावटीची प्रवृत्ती..."

"तुम्ही लिहिलंय ते मी वाचलंय. ठिपके कशाचे आहेत ते विचारतोय."

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला माहीत झालं. पालकसभेला आलेली मुंगीची आई. कपडे शिवायची, गळ्यात टेप तसाच लोंबत होता, काढायचा राहिलेला. ती म्हणाली होती, घरी जागाच नाही हो बाई, एकच खोली, तिचा सगळा अभ्यास माझ्या कापायच्या टेबलाखाली. आणि मुंगीच्या मोज्यांना, केसांना नेहमी धाग्यांचे, कापडाचे बारीक तुकडे चिकटलेले असायचे, लाल, हिरवे, पिवळे. बाईंनी कितीदा ते आपल्या हाताने काढून टाकले होते. "कापडाचे तुकडे," ती हळू म्हणाली. "वरून पडणारे. ती टेबलाखाली बसायची."

परीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं. "मग तिला टेबलाचे पाय कुठे कुठे दिसायला हवेत?"

चार पाय, चारी बाजूंना, आपल्यापासून लांब जाणारे. पोरीचं चुकलंच नव्हतं. बघण्याचा तास मुंगीला लागत नव्हता, ती आधीपासूनच बघत होती. तो तास खरा बाईंना हवा होता. परीक्षक सावकाश येऊन खुर्चीत बसले, कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर तळहात पसरला. मग म्हणाले, "मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. दरवर्षी प्रदर्शन. दरवर्षी हात फिरवला. मला कळलं तेव्हा मी निवृत्त झालो होतो, मग कबूल कुणाजवळ करायचं?" ते विभागप्रमुखांकडे वळून हसले. "आज संधी मिळाली. बाहेर बसा तुम्ही, जरा वेळ."

तो जरा वेळ वीस मिनिटांचा झाला. ती पुन्हा त्याच बाकावर बसली, आणि गंमत म्हणजे तिला भीती वाटत नव्हती. नापास करतील, ती म्हणाली मनात, तर करतील. जागा जाईल तर जाईल. हे आपण सांगून बसलो ते काही आता परत घेता येत नाही, आणि घ्यायचंही नाही. तिला एकदम भूक लागली, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. पर्समध्ये लेकीने कोंबलेलं बिस्किटाचं पाकीट होतं, त्यातली चार तिने एकामागून एक खाल्ली. पाचवं तोंडात असताना आतून बोलावलं. निकाल विभागप्रमुखांनी सांगितला. पदवी मंजूर. चौथं प्रकरण सहा आठवड्यांत नव्याने लिहायचं, आणि त्यात आज खोलीत सांगितलं ते सगळं यायला हवं, काही गाळायचं नाही. परीक्षक म्हणाले, "ती मुलगी आता कितवीत आहे?"

"नववीत."

"मग लिहिण्याआधी तिला विचारा." चित्राची झेरॉक्स त्यांनी स्वतःसाठी काढून घेतली आणि मूळ कागद तिला परत दिला. बाहेर आल्यावर गाईड मॅडमनी तिचा हात धरला. त्यांचे डोळे भरले होते. "मला का नाही दिसलं?" त्या म्हणाल्या. "तुम्ही उजव्या हाताच्या ना," ती म्हणाली, आणि दोघी हसायला लागल्या, इतक्या की कारकूनबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

घरी गेली तेव्हा नवरा कामावरून आलेला होता. पास झाले, असं दारातूनच सांगून तिने चपला भिरकावल्या आणि तो अभिनंदन करायला पुढे येतोय तोवर ती स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली शिरली. "अगं, काय हरवलं?" तो म्हणाला. पाठ वाकवून, गुडघे पोटाशी घेऊन ती मधोमध बसली होती आणि वर बघत होती. फळीच्या उलट्या बाजूला सुताराने पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा होता, तो तिने सोळा वर्षांत पहिल्यांदा पाहिला. चार पाय चार दिशांना गेले होते. तिने फोल्डर ओढून घेतलं, एक कोरा कागद मांडीवर धरला आणि काढायला लागली. नवरा वाकून बघत राहिला. "पाय फाकलेत गं टेबलाचे."

"खाली ये."

त्याचे गुडघे कडकडले, पण तो आला, डोकं आपटून घेतलं, शिवी गिळली आणि तिच्या शेजारी बसला. वर पाहिलं. "असंच दिसतं की," तो म्हणाला. "आम्ही लिफ्टच्या खड्ड्यातून रोज हेच बघतो. तुला आज कळलं?" तिला इतकं हसू आलं की पेन्सिल हातातून सुटली. मग हसता हसताच रडू आलं, सकाळी न आलेलं, आणि तो तिथेच बसून राहिला, टेबलाखाली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने मुंगीला चित्रकलेच्या खोलीत बोलावलं. ती आली ती दारातून जरा वाकूनच, कारण गेल्या दोन वर्षांत ती ताडमाड वाढली होती आणि आता बाईंना तिच्याशी बोलताना मान वर करावी लागायची. तरी मुंगी हे नाव काही सुटलं नव्हतं. बाईंनी चित्र टेबलावर ठेवलं. काय बोलायचं ते त्यांनी रात्री ठरवून ठेवलं होतं, चांगलं नीट, पण तोंडातून आलं ते एवढंच: "हे तुझं चित्र मी बिघडवलं होतं. पाय तू बरोबर काढले होतेस. मी खोडले."

"माहितेय," मुंगी म्हणाली.

"माहीत होतं? मग बोलली का नाहीस गं?"

मुंगीने खांदे उडवले. "तुम्हाला आवडलं होतं ना."

बाईंना वडलांची बाहेरची खोली आठवली, भिंत आठवली. त्यांनी खोडरबर उचललं आणि मुंगीपुढे धरलं. मुंगीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, थट्टा तर नाही ना म्हणून. मग खुर्ची ओढून बसली, कागद स्वतःकडे वळवला आणि बाईंच्या टेबलाचा पहिला सरळ पाय खोडायला घेतला. व्यवस्थित, घाई न करता. पहिला गेला, दुसरा गेला, तिसरा आणि चौथा गेला. खालचे जुने चरे मोकळे झाले तेव्हा तिने पेन्सिल मागितली आणि त्या चऱ्यांवरूनच एकेक पाय पुन्हा काढला, चारी बाजूंना. मग ती सावलीपाशी आली आणि थांबली. मान तिरकी करून तिने त्या डावीकडे कललेल्या रेघांकडे जरा वेळ पाहिलं.

"सावली राहू दे का बाई?" ती म्हणाली. "सावली बरी आलीये तुमची."